डिस्क रिप व्हायला तासन्‌तास लागतात? लिनक्सवर अडथळा नेमका कुठे आहे ते शोधूया

गेल्या श्रावणात माळ्यावरचं खोकं खाली काढलं. कोथरूडच्या आमच्या घराची ती भिंत पावसाळाभर ओल धरते. खोक्यात वडिलांनी जमवलेल्या शास्त्रीय संगीताच्या सीडी, ताईच्या लग्नाच्या तीन डीव्हीडी, भाच्याच्या मुंजीची एक, आणि स्टुडिओवाल्यानं फोटो भरून दिलेल्या सीडींची चळत होती. सगळं मिळून सव्वाशेच्या आसपास. दोन डिस्कवर पांढुरकी बुरशी दिसली आणि त्याच संध्याकाळी ठरवलं की हे सगळं हार्डडिस्कवर उतरवून घ्यायचं, म्हणजेच 'रिप' करायचं. लग्नाच्या त्या डीव्हीडींची दुसरी प्रत कुणाकडेच नाही. त्या गेल्या की आमच्या आजीचा आवाजही गेला.

पहिल्या सीडीला साडेतीन तास लागले. सव्वाशे डिस्कचा हिशेब मांडला तर सव्वाचारशे तासांच्या वर जात होता. आठवडाभर शोधाशोध केल्यावर तीच सीडी त्याच लॅपटॉपवर अकरा मिनिटांत उतरली. त्या आठवड्यात जे कळलं ते इथे क्रमानं लिहितो आहे, उबंटू, मिंट किंवा डेबियन नुकतंच लावलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून.

कमांडबद्दल एक सूचना. त्या इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजी घ्या, अक्षरं लहान लिपीत. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. तिरप्या रेघा, उणे आणि बरोबर ही चिन्हं दिसतात तशीच टाका. ड्राइव्हचं नाव बहुतेक संगणकांवर /डेव्ह/एसआर० असतं, म्हणजे तिरपी रेघ, डी-ई-व्ही, तिरपी रेघ, एस-आर आणि शून्य.

आधी हे पाहा: वेग खरंच कमी आहे का?

ड्राइव्हच्या खोक्यावर छापलेल्या '२४ एक्स' किंवा '८ एक्स' या आकड्यांनी नव्या माणसाचा सर्वांत जास्त गोंधळ होतो. सीडीचा एक्स आणि डीव्हीडीचा एक्स ही दोन वेगळी मापं आहेत. डेटा सीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी. डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८ एमबी, सीडीच्या नऊपट. ब्लू-रेचा १ एक्स सेकंदाला ४.५ एमबी. त्यामुळे लॅपटॉपला बाहेरून जोडायच्या चपट्या ड्राइव्हवर सीडी २४ एक्सनं वाचली तरी सेकंदाला साडेतीन एमबीच येणार, आणि डीव्हीडी ८ एक्सनं वाचली तर अकरा एमबी. हार्डडिस्कची किंवा पेनड्राइव्हची सवय झालेल्या डोळ्याला हे दोन्ही आकडे बिघाडासारखे वाटतात. तो बिघाड नसतो.

शिवाय छापलेला वेग फक्त डिस्कच्या बाहेरच्या कडेला मिळतो. आजचे बहुतेक ड्राइव्ह डिस्क एकाच गतीनं फिरवतात. माहिती आतून बाहेर लिहिलेली असते. आतला घेर लहान असल्यामुळे एका फेरीत भिंगाखालून कमी माहिती जाते. माहितीची आतली कड मध्यापासून साधारण २५ मिलिमीटरवर आणि बाहेरची ५८ मिलिमीटरवर असते, म्हणजे सुरुवातीचा वेग शेवटच्या वेगाच्या निम्म्याहूनही कमी. २४ एक्सचा ड्राइव्ह १० एक्सच्या आसपास सुरू होतो आणि हळूहळू चढत जातो. पहिल्या दोन मिनिटांत 'अजून अर्धा तास लागेल' असं दिसलं तर घाबरून बंद करू नका. दोन थरांच्या, साडेआठ जीबीच्या डीव्हीडीवर तर वेग आधी चढतो आणि मग उतरतो, कारण दुसरा थर बहुधा बाहेरून आत लिहिलेला असतो.

अंदाजासाठी हे लक्षात ठेवा. पूर्ण भरलेली ४.७ जीबीची डीव्हीडी ८ एक्सच्या निरोगी ड्राइव्हवर दहा-बारा मिनिटांत उतरते. तासाभराची ऑडिओ सीडी नीट तपासत उतरवली तर दहा ते पंधरा मिनिटं घेते. तुमचा वेळ याच्या जवळपास असेल तर पुढचं वाचायची घाई नाही, चहा घ्या आणि डिस्कला तिचं काम करू द्या.

पहिली पायरी: अडथळा ड्राइव्हच्या अलीकडे की पलीकडे?

डिस्कवरून निघालेली माहिती हार्डडिस्कवर फाइल होऊन बसेपर्यंत बरीच ठाणी ओलांडते: डिस्क, ड्राइव्ह, केबल, रिप करणारा प्रोग्राम, त्याचं एन्कोडिंग (वाचलेला आवाज किंवा चित्र हव्या त्या प्रकारच्या फाइलमध्ये बदलणं), आणि शेवटी ज्या डिस्कवर लिहायचं ती. प्रत्येक ठाणं सुटं तपासत बसण्याऐवजी साखळी मधोमध तोडा. डिस्क नुसती वाचायची आणि वाचलेलं कुठेही न लिहिता टाकून द्यायचं. डेटा सीडी किंवा घरगुती डीव्हीडी घाला आणि टर्मिनलमध्ये हे लिहा:

सुडो डीडी आयएफ=/डेव्ह/एसआर० ओएफ=/डेव्ह/नल बीएस=२०४८ काउंट=२००००० स्टेटस=प्रोग्रेस

सुमारे ४०० एमबी वाचून होतील आणि वेग समोर दिसत राहील. सुडोमुळे कमांड प्रशासकाच्या अधिकारानं चालते. आयएफ म्हणजे कुठून, ओएफ म्हणजे कुठे. 'नल' हे लिनक्समधलं असं ठिकाण आहे की तिथे गेलेलं सगळं नाहीसं होतं, म्हणून लिहिण्याचा वेळ मोजमापात येतच नाही. ओएफच्या पुढे चुकून हार्डडिस्कचं नाव पडलं तर डीडी काहीही न विचारता त्यावर लिहून टाकतो. तेव्हा एंटर दाबण्याआधी ती ओळ एकदा मोठ्यानं वाचा. मी अजूनही वाचतो.

इथे वेग चांगला आला, पण नेहमीच्या प्रोग्राममधून रिप करताना पडतो, तर ड्राइव्ह, डिस्क आणि केबल तिन्ही ठीक आहेत. मग सरळ एन्कोडिंगच्या भागाकडे जा. इथेही रखडलं तर अडथळा अलीकडे, म्हणजे डिस्क, ड्राइव्ह किंवा केबलमध्ये आहे. दुसऱ्यांदा मोजायचं असेल तर डिस्क बाहेर काढून पुन्हा घाला, म्हणजे आधी वाचलेलं मेमरीतून येऊन फसवणार नाही. ऑडिओ सीडीवर मात्र ही कमांड चालत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

दुसरी पायरी: कर्नल काय म्हणतंय ते ऐका

दुसरी एक टर्मिनल खिडकी उघडा आणि तिच्यात सुडो डीमेसेज -डब्ल्यू लिहून ठेवा. डीमेसेज म्हणजे डी-एम-ई-एस-जी. आता पहिल्या खिडकीत वाचन सुरू करा. ड्राइव्हशी बोलताना कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जे काही खटकतं ते इथे त्या क्षणी उमटतं. दिवसभर अंदाज बांधण्यापेक्षा ही पाच मिनिटं जास्त सांगून जातात.

'मीडियम एरर' किंवा 'अनरिकव्हर्ड रीड एरर' असं आलं, तर ड्राइव्ह सांगतोय की डिस्कचा तो तुकडा मला वाचता येत नाही. दोष डिस्कचा किंवा भिंगाचा आहे. यूएसबी डिव्हाइस 'रिसेट' किंवा 'डिस्कनेक्ट' झाल्याच्या ओळी पुन्हा पुन्हा आल्या तर संशय केबलवर, पोर्टवर किंवा अपुऱ्या विजेवर घ्या. आणि डेस्कटॉपच्या आतल्या ड्राइव्हसाठी 'हार्ड रिसेटिंग लिंक' आणि मागोमाग 'लिमिटिंग स्पीड टू' असं दिसलं, तर साटाची, म्हणजे ड्राइव्ह मदरबोर्डला जोडणारी, केबल सैल किंवा खराब आहे. वारंवार चुका झाल्या की लिनक्स स्वतःहून देवाणघेवाणीचा वेग एकेक पायरी उतरवतं आणि नंतर तो आपोआप वर चढत नाही. केबल बदला, संगणक बंद करून पुन्हा सुरू करा.

यात 'साटा लिंक अप १.५ जीबीपीएस' ही ओळ दिसली तर तो दोष समजू नका. ऑप्टिकल ड्राइव्हला एवढा वेग भरपूर आहे, सेकंदाला दीडशे एमबी.

जुन्या लेखांत 'एचडीपार्म वापरून डीएमए चालू करा' असा सल्ला अजून सापडतो. आयडीई या जुन्या जोडणीच्या ड्राइव्हच्या काळात तो अगदी बरोबर होता, कारण डीएमए बंद असलं की प्रत्येक बाइट प्रोसेसरच्या हातून जायचा आणि संगणक गुदमरायचा. ती जुनी आयडीई यंत्रणा २०२१ साली ५.१४ या आवृत्तीत कर्नलमधून काढून टाकण्यात आली. आजच्या ड्राइव्हवर ती कमांड नुसती चूक दाखवते. त्यात वेळ घालवू नका.

तिसरी पायरी: पोर्ट आणि वीज

माझ्या साडेतीन तासांचं अर्धं उत्तर इथे मिळालं. लॅपटॉपला पोर्ट कमी म्हणून ड्राइव्ह मी एका छोट्या हबला जोडला होता, ज्याला स्वतःची वीज नव्हती. त्याच हबला माउस, कीबोर्ड आणि बाहेरची हार्डडिस्कही होती. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलीअँपिअरपर्यंत वीज देतं, यूएसबी ३ चं ९००. तेवढीच वीज हबवरच्या चौघांत वाटली जायची. डिस्क फिरायला सुरुवात करताना मोटर सर्वांत जास्त वीज ओढते आणि नेमका तेव्हाच ड्राइव्ह दम टाकायचा. मग रिसेट, मग वाट, मग पुन्हा फिरणं. डीमेसेजमध्ये रिसेटच्या ओळींची रांग लागली होती.

ड्राइव्ह थेट लॅपटॉपच्या पोर्टला जोडा. डेस्कटॉप असेल तर समोरच्या नव्हे, मागच्या पोर्टला, कारण समोरचं पोर्ट आतल्या लांब तारेनं जोडलेलं असतं. ड्राइव्हसोबत दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडं जोडा, दुसरं तोंड विजेसाठीच दिलेलं असतं.

मग एलएसयूएसबी -टी ही कमांड द्या. जोडलेल्या उपकरणांचं झाड दिसेल आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी वेग. ड्राइव्हच्या ओळीत ४८०एम असेल तर यूएसबी २ चा पूर्ण वेग मिळतोय आणि डीव्हीडीला तो पुरून उरतो. बाजारातले कित्येक चपटे ड्राइव्ह मुळात यूएसबी २ चेच असतात, तेव्हा ५०००एम दिसलं नाही म्हणून खट्टू होऊ नका. पण १२एम दिसलं तर दोष सापडला! त्या वेगानं सेकंदाला जेमतेम एक एमबी येतो आणि पूर्ण डीव्हीडीला सव्वा तासाच्या वर लागतो. केबल बदलली की बहुतेकदा हे सुटतं. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत केबल घ्यायला गेलात तर जुनी केबल सोबत न्या आणि तेवढीच किंवा तिच्याहून आखूड मागा.

जुन्या बाजारातून डेस्कटॉपचा जाड ड्राइव्ह उचलणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तो ड्राइव्ह ५ व्होल्टबरोबर १२ व्होल्टही मागतो. लॅपटॉपच्या छोट्या हार्डडिस्कसाठी मिळणाऱ्या साटा-यूएसबी केबलवर तो चालणार नाही, वेगळा अडॅप्टर असलेलं जोडसाधन लागतं. ते जमवलंत तर जाड ड्राइव्ह चपट्यापेक्षा वेगवान असतो, आणि माझ्या अनुभवात खराब डिस्क वाचण्यातही जास्त चिवट.

चौथी पायरी: डिस्क हातात घ्या

उरलेलं अर्धं उत्तर बुरशीत होतं. डिस्क खिडकीशी धरून तिरपी करून पाहा. बोटांचे ठसे, तेलकट डाग, पांढरे ठिपके खालच्या बाजूला असतील तर ते जातात. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब टाका, मऊ सुती किंवा मायक्रोफायबरचं फडकं भिजवा आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेघेत पुसा. गोल गोल कधीच पुसू नका. माहिती गोल रेघेत लिहिलेली असते. आडवा ओरखडा त्या रेघेला क्षणभर कापतो आणि ड्राइव्हची चूक-दुरुस्ती तेवढं भरून काढते. सीडीवर साधारण अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतची सलग पोकळी तिला पूर्ण भरता येते. पण गोल ओरखडा रेघेबरोबर धावतो आणि सलग मोठा मजकूर खातो. शेवटी साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा.

छापील बाजूला मात्र जपा. सीडीचा चमकता थर त्या छपाईच्या आणि पातळ लाखेच्या लगेच खाली असतो. खालून सव्वा मिलिमीटर जाड प्लास्टिकचं कवच आहे, वरून जवळजवळ काहीच नाही. डिस्क उजेडासमोर धरल्यावर चांदणीसारखी बारीक भोकं दिसली तर तो थर गेला आहे, कुठल्याही पुसण्यानं तो परत येत नाही. डीव्हीडीत हा थर दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती या बाबतीत सुखरूप असते. टूथपेस्टनं घासण्याचा घरगुती उपाय एकमेव प्रत असलेल्या डिस्कवर करू नका, अशी मनापासून विनंती आहे.

स्टुडिओवाले हौसेनं फोटोचं गोल स्टिकर चिकटवून द्यायचे. ते जरासं जरी एका बाजूला सरकलेलं असलं तरी डिस्कचा तोल जातो. जाड ड्राइव्ह ५२ एक्सनं वाचतो तेव्हा डिस्क मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेते. एवढ्या गतीत थरथर झाली की ड्राइव्ह आपणहून वेग पाडतो. स्टिकर ओढून काढायला जाऊ नका, त्याच्याबरोबर चमकता थर सोलून येतो. त्याऐवजी पुढची पायरी करा.

पाचवी पायरी: वेग कमी करा, काम लवकर होईल

हे ऐकायला उलटं वाटतं, पण मला सर्वांत जास्त फायदा यानंच झाला. खराब जागा आली की ड्राइव्ह पूर्ण गतीत वाचायला जातो, चुकतो, थांबतो, गती पाडतो, मागे येऊन पुन्हा वाचतो, जमलं की गती वाढवतो आणि पुढच्या डागावर पुन्हा तेच. कानाला ते कळतं: वूंऽऽ करत चढणारा आणि लगेच खाली येणारा आवाज. सगळा वेळ या चढ-उतारात जातो. सुरुवातीपासून मध्यम गती बांधून दिली तर तीच डिस्क न अडखळता वाचली जाते.

सीडीसाठी सुडो इजेक्ट -एक्स ८ /डेव्ह/एसआर० अशी कमांड द्या, म्हणजे ८ एक्सची मर्यादा लागते. ८ ऐवजी ० दिलं की पुन्हा पूर्ण मोकळीक. डीव्हीडीसाठी एक खाच लक्षात ठेवा: लिनक्स हा आकडा नेहमी सीडीच्या एक्समध्येच धरतं. डीव्हीडीला ८ दिलंत तर ती जेमतेम डीव्हीडीच्या १ एक्सवर येते आणि तुम्ही स्वतःच तिचा वेग मारता. डीव्हीडी ४ एक्सनं हवी असेल तर ३२ लिहा. काही ड्राइव्ह ही सूचना ऐकतच नाहीत. आधीच्या डीडी कमांडनं मोजून पाहिलं की लगेच कळतं.

आणखी एक. चुका झाल्यावर पडलेला वेग कित्येक ड्राइव्ह त्या डिस्कपुरता तसाच धरून ठेवतात. ट्रे बाहेर काढून परत ढकलला की कोरी सुरुवात होते.

ऑडिओ सीडी: इथला संथपणा मुद्दाम असतो

वडिलांच्या सीडींमध्ये कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसमधून घेतलेल्याही आहेत आणि सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात विकत घेतलेल्याही. या डिस्कवर आपण समजतो तशा फाइल नसतात. आवाज सेकंदाला ७५ तुकड्यांत चिरलेला असतो, प्रत्येक तुकडा २,३५२ बाइटचा. डेटा सीडीच्या तुकड्यात एवढ्याच जागेत २,०४८ बाइट माहिती असते आणि उरलेल्यात त्या तुकड्याचा पत्ता आणि जादा चूक-दुरुस्ती. ऑडिओत ही उरलेली जागाही आवाजालाच दिली आहे. त्यामुळे वाचन मध्येच थांबलं तर ड्राइव्हला नेमक्या त्याच जागी परतता येईल याची खात्री नसते. थोडं मागे किंवा पुढे झालं की गाण्यात बारीकशी टिचकी ऐकू येते. तानपुऱ्याच्या सलग सुरावर ती टिचकी फार जाणवते.

म्हणून लिनक्सवरचे बरेचसे ऑडिओ रिपर पोटात सीडीपॅरानोइया वापरतात (अक्षरं सी-डी-पी-ए-आर-ए-एन-ओ-आय-ए). ओग व्हॉर्बिस बनवणाऱ्या झिफ संस्थेचा हा प्रोग्राम प्रत्येक भाग आधीच्या भागावर थोडा चढवून वाचतो, दोन्ही वाचनं जुळवतो, आणि जुळलं नाही तर पुन्हा वाचतो. ड्राइव्ह आपल्या मेमरीतलं जुनंच उत्तर पुन्हा देत नाही ना, हेही तो सांभाळतो. एवढं सगळं करायचं तर वेळ लागणारच.

त्याला थेट टर्मिनलमधून चालवलंत तर तो चेहरे दाखवतो आणि त्यावरून प्रकृती कळते. :-) म्हणजे सगळं सुरळीत. :-| म्हणजे वाचन बरंच हलतंय, पण चालवून घेतोय. :-/ म्हणजे वाचनाची जागा सरकतेय. :-( म्हणजे ओरखडा सापडला. ;-( म्हणजे दुरुस्तीचा प्रयत्न सोडून दिला. प्रगतीच्या पट्टीत इंग्रजी मोठा व्ही उमटला तर त्या जागी न सुधारलेली चूक फाइलमध्ये गेली आहे. ते गाणं नंतर कानानं तपासा.

वाकडे चेहरे येत असतील तर डिस्क पुसा आणि वेग बांधून पुन्हा चालवा: सीडीपॅरानोइया -एस ८ -बी. इथे एस आणि बी दोन्ही मोठ्या लिपीत. बी दिल्यानं प्रत्येक गाण्याची वेगळी फाइल होते. ८ वर जमलं नाही तर ४ वर करा. माझी ती पहिली सीडी पुसून आणि हबमधून काढून ८ वर चालवली आणि अकरा मिनिटांत उतरली, पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत सरळ चेहऱ्यानं.

मोठ्या लिपीतला झेड दिला की ही सगळी पडताळणी बंद होते आणि वेग कितीतरी पट वाढतो. काही खिडकीवाल्या रिपरमध्येही 'वेगवान, चूक-दुरुस्तीशिवाय' अशा अर्थाचा पर्याय असतो. नवी कोरी, कुठेही पुन्हा मिळणारी सीडी असेल तर वापरा. वडिलांच्या सीडींना मी तो लावला नाही आणि लावणारही नाही. व्हिपर हा ऑडिओ रिपर वापरत असाल तर तो प्रत्येक गाणं दोनदा वाचून दोन्ही वाचनं ताडून पाहतो, तेव्हा दुप्पट वेळ गृहीत धरा. सोबत तो ॲक्युरेटरिपच्या, म्हणजे इतरांनी केलेल्या त्याच सीडीच्या रिपच्या नोंदींच्या, साठ्याशी ताळा जुळवून देतो. जुळलं की त्या रिपबद्दल शंका उरत नाही.

फोटोंच्या सीडी: आधी प्रतिमा, मग फाइल

हजार-बाराशे फोटोंची सीडी फाइल मॅनेजरमधून ओढून कॉपी केली तर ती उगाच रखडते. ऑप्टिकल ड्राइव्हच्या भिंगाला एका जागेवरून दुसरीकडे जायला सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून जास्त लागतो आणि प्रत्येक छोट्या फाइलमागे हे होत राहतं. त्यात फाइल मॅनेजर त्याच डिस्कवरून फोटोंची छोटी चित्रं बनवायला घेतो. मग भिंग दोन धन्यांमध्ये धावतं.

फाइल मॅनेजरची खिडकी बंद करा, डिस्क अनमाउंट करा, म्हणजे तिच्यावरच्या फाइल वापरणं थांबवा (बाहेर काढू नका), आणि पूर्ण डिस्कची सलग प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, एका फाइलमध्ये उतरवा. तीच डीडी कमांड, फक्त काउंटचा भाग काढायचा आणि ओएफच्या पुढे तुमच्या फाइलचं नाव, जसं फोटो.आयएसओ. नंतर त्या फाइलवर उजवी टिचकी मारून ती माउंट करा आणि फोटो हार्डडिस्कच्या वेगानं कॉपी करा.

वाचन ठीक, तरी वेळ लागतो?

मग पाहायचं दोनच ठिकाणी. एक, एन्कोडिंग. हँडब्रेकसारखा व्हिडिओ बदलणारा प्रोग्राम थेट डिस्कवरून चालवला तर प्रोसेसर जेवढं पचवेल तेवढंच वाचलं जातं, आणि जुन्या लॅपटॉपवर ते फार थोडं असतं. टॉप ही कमांड देऊन पाहा, प्रोसेसर पूर्ण गुंतलेला दिसेल. आधी डीव्हीडीची प्रतिमा उतरवा, डिस्क काढून ठेवा, एन्कोडिंग रात्रभर चालू द्या. आवाजासाठी फ्लॅक (दर्जा न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) घेतलंत तर ही अडचण जवळजवळ येतच नाही.

दोन, लिहिण्याची जागा. स्वस्त पेनड्राइव्हवर थेट रिप करू नका. त्यांचा लिहिण्याचा वेग बऱ्याचदा डीव्हीडीच्या वाचनापेक्षाही कमी असतो, आणि त्यावर फॅट३२ ही जुनी फाइल-मांडणी असेल तर ४ जीबीला फाइल अडते.

अजिबात न हलणारी डिस्क

मुंजीची डीव्हीडी ७० टक्क्यांवर येऊन थांबायची. एका खराब तुकड्यापाशी ड्राइव्ह आणि कर्नल दोघंही पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतात, आणि असे शेकडो तुकडे असले की रात्र जाते. यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू आहे. उबंटू-डेबियनमध्ये पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, सुरुवातीला एक जी जास्त. कमांड मात्र डीडीरेस्क्यू. आधी चांगला भाग भराभर उचला:

सुडो डीडीरेस्क्यू -बी २०४८ -एन /डेव्ह/एसआर० मुंज.आयएसओ मुंज.मॅप

इथे एन दिल्यामुळे तो खराब जागा खरवडत बसत नाही, बाजूला ठेवून पुढे जातो. कुठलं उचललं आणि कुठलं राहिलं याची नोंद मॅप फाइलमध्ये होते. मग राहिलेल्या तुकड्यांवर दुसरी फेरी:

सुडो डीडीरेस्क्यू -बी २०४८ -डी -आर३ /डेव्ह/एसआर० मुंज.आयएसओ मुंज.मॅप

मॅप असल्यामुळे मध्येच थांबवता येतं. गुरुवारी वीज गेली तरी पुन्हा तीच कमांड दिली की काम तिथूनच पुढे सुरू होतं. डिस्क पुसून, वेग बदलून पुन्हा चालवा. तरी भोकं उरली तर त्याच दोन फाइल घेऊन मित्राच्या संगणकावर, वेगळ्या ड्राइव्हवर चालवा, कारण एका ड्राइव्हला जे दिसत नाही ते दुसऱ्याला कित्येकदा दिसतं. आमच्या मुंजीच्या डीव्हीडीची शेवटची ४० एमबी शेजारच्या इमारतीतल्या एका काकांच्या जुन्या डेस्कटॉपवर भरून निघाली.

विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडी

त्यांवर बहुधा कॉपी रोखणारं कुलूप असतं. शिवाय काही ड्राइव्ह व्हिडिओ डीव्हीडी ओळखून आवाज कमी ठेवण्यासाठी वाचन २ एक्सच्या आसपास बांधून ठेवतात. पूर्ण दोन थरांच्या डिस्कला मग पाऊण तासाच्या वर लागतो, आणि ती बंधनं ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये (त्याच्या आत भरलेल्या प्रोग्राममध्ये) असल्यामुळे लिनक्समधल्या कुठल्या सेटिंगनं सुटत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं ६५ए हे कलम आलं आहे. हक्कभंगाच्या हेतूनं असं कुलूप तोडणं त्याखाली शिक्षापात्र आहे. वर लिहिलेल्या डीव्हीडीच्या युक्त्या मी घरच्या, स्वतः चित्रित केलेल्या डिस्कवरच वापरल्या आहेत आणि तिथे हा प्रश्न येत नाही.

उतरवून झालेल्या डिस्कच्या कागदी पाकिटावर पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहून ठेवा: तारीख, कुठल्या वेगावर वाचली गेली, आणि कुठलं गाणं किंवा किती एमबी राहिली. डिस्कवर पेन लावू नका. वर्षभरानं जास्त चांगला ड्राइव्ह हाती लागला तर त्याच पाकिटापासून पुढे सुरू करता येतं. माझ्याकडे अशी चार पाकिटं वेगळी काढून ठेवली आहेत.